कुत्र्याला सुकामेवा? लाड आवरा!

दिवाळीनंतर माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तपासणी संपते, प्रिस्क्रिप्शन हातात पडते आणि मग हळूच विचारणा होते, "डॉक्टर, आमच्या ब्रुनोला रोज मूठभर सुकामेवा देतो. पौष्टिकच ना?"

मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही स्पष्ट सांगतो, हे बंद करा. "नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?" हा युक्तिवादच चुकीचा आहे. कुत्रा म्हणजे चार पायांचा माणूस नव्हे.

त्या मुठीत काय असते ते पाहा.

मनुका आणि बेदाणे : कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. 'इतके चालतील' असा सुरक्षित आकडा नाही. लाडवातला बेदाणाही यात आला.

मॅकाडेमिया : साधारण बारा तासांत मागचे पाय लुळे पडतात, उलट्या होतात, अंग थरथरते. बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत सावरतात, पण तो त्रास द्यायचाच कशाला?

बदाम, काजू, पिस्ते : विषारी नाहीत. पण कुत्रा चावत बसत नाही, गिळतो. अख्खा बदाम लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतो. जास्त चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येते. खारवलेले असतील तर मिठाचा त्रास वेगळाच.

बुरशी लागलेले अक्रोड, शेंगदाणे : अक्रोडावरच्या बुरशीच्या विषाने झटके येतात; शेंगदाण्यावरच्या अफ्लाटॉक्सिनने यकृत बिघडते.

पीनट बटर : लेबल वाचा. काहींत झायलिटॉल असते. माणसाला ते चालते. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम वाढते, तासाभरात साखर कोसळू शकते.

"आमचा तर वर्षानुवर्षे खातोय, काही झालं नाही!" हेच वाक्य मी सिगारेट ओढणाऱ्यांकडूनही ऐकत आलो आहे. पुढे काय होते, तेही पाहत आलो आहे.

खाऊ द्यायचाच तर काकडीचा, गाजराचा तुकडा द्या. भाजलेले, सोललेले, बिनमिठाचे दोन-चार शेंगदाणेही चालतील.

आणि मनुका खाल्ल्याच, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, घरातली माणसांची गोळी देऊ नका. लगेच पशुवैद्यकाला फोन करा.

त्या मुक्या जिवाला 'नको' म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणायचे आहे.