मालिका परत आल्या, शेजारच्या काकू आल्या नाहीत

जून २०१४ मध्ये ‘जिंदगी’ वाहिनी सुरू झाली आणि भंडाऱ्यातल्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणाची वेळ बदलली. आधी ‘जिंदगी गुलजार है’, मग ‘हमसफर’. पंचवीसेक भागांत संपणाऱ्या या पाकिस्तानी मालिका बघायला शेजारच्या काकू अम्मीजवळ येऊन बसत. “खुलूस म्हणजे काय हो?” असं त्या विचारत. अम्मी तिच्या मराठीत समजावून सांगायची.

सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर या मालिका बंद झाल्या. पुढच्या वर्षी वाहिनीच टीव्हीवरून गेली. २०२० मध्ये ‘जिंदगी’ झी५ अ‍ॅपवर परतली. मे २०२५ मध्ये, पहलगामनंतर, केंद्र सरकारने पाकिस्तानी मालिका ओटीटीवरून काढायला सांगितल्या. तोही दरवाजा बंद झाला.

लोक म्हणतात, सरकारी आदेशाने हे संपलं. आमच्या मोहल्ल्यापुरतं ते आधीच संपलं होतं. अम्मीला अ‍ॅप उघडता येत नव्हतं आणि काकू त्यासाठी वर्गणी भरणार नव्हत्या. मी इयरफोन लावून एका रात्रीत सात भाग पाहिले. एकाही शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला नाही.

अमेरिकेतही असंच झालं. ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि ‘वन लाइफ टू लिव्ह’ या चाळीस वर्षांहून जुन्या दुपारच्या मालिका एबीसीने बंद केल्या. एप्रिल २०१३ मध्ये त्या इंटरनेटवर परतल्या. पण प्रेक्षक रोज येईनात, भाग साठवून एकदम पाहू लागले. काही आठवड्यांतच आठवड्याचे चार भाग दोनवर आणावे लागले. त्यात वाहिनीशी कोर्टकज्जा. वर्ष संपायच्या आत दोन्ही मालिका पुन्हा बंद पडल्या. ठरलेली वेळ मोडली की सवयही मोडते.

उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस म्हणून मला काकूंचा तो प्रश्न हरवल्याचं जास्त दुःख आहे. उर्दू फक्त मुसलमानांची, किंवा सीमेपलीकडची, असं मानणाऱ्या काळात तो प्रश्न आमच्या घरात सहज विचारला जात होता. इस्मत चुगताई, राजिंदरसिंह बेदी, कृष्ण चंदर यांनी तर मुंबईत राहून उर्दू लिहिली. त्यांची एक कथा आठवड्यातून एकदा घरात मोठ्याने वाचायला ना वर्गणी लागते, ना कुणाची परवानगी. फक्त दार उघडं ठेवायचं आणि काकूंना हाक मारायची.