सतरंज्या उचलणारी माणसे

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून लॉन बोल्सचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडे अनेक घरांत पहिला प्रश्न निघाला, ‘हा खेळ तरी कोणता?’

थोडक्यात सांगायचे तर हा मोठ्या माणसांचा गोट्यांचा खेळ. हिरवळीवर ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू सोडायचा आणि आपले जड गोळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. गोळ्याची घडणच एका बाजूला झुकती असते, त्यामुळे तो सरळ जात नाही, वळण घेत पोहोचतो. (कर्जाच्या अर्जासारखा, असे माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला वाटणारच!)

मला मात्र खेळापेक्षा तो चालवणाऱ्यांचे कुतूहल. मुलगी इंग्लंडात असते. तिच्या गावच्या क्लबात, हिरवळीच्या कडेला मी दोन उन्हाळ्यांतल्या कितीतरी संध्याकाळी बसून काढल्या. तिथल्या बाकांवर पितळी पट्ट्या आहेत. दिवंगत सभासदाचे नाव आणि दोन साले. या माणसाने केले काय, ते पट्टी सांगत नाही. शेजारी बसलेले म्हातारे सांगतात.

एक होते निवृत्त पोस्टमन. गवत त्यांच्याकडे. हे गवत जेमतेम पाच मिलिमीटर ठेवावे लागते, म्हणजे भर मोसमात कापणीला फारशी सुट्टी नाही. शरद ऋतूत खेळ थांबला की जमिनीला भोके पाडून वर रेताड माती पसरायची. पैसा न घेता हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. एक बाई चहा आणि हिशेब सांभाळीत. त्यांच्या वह्या मला दाखवल्या गेल्या. दुधाच्या सुट्या नाण्यांपर्यंत नोंदी, आणि बेरजा जुळलेल्या. आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या माझ्यासारख्याला याहून सुंदर वाचन काय असणार?

पुस्तकांत या खेळाचे श्रेय ग्लासगोच्या विल्यम मिचेलला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, स्कॉटलंडमधले क्लब एकत्र आले तेव्हा सचिव या नात्याने त्याने नियम एका सूत्रात बांधले आणि १८६४ मध्ये पुस्तकही काढले. इंग्लंडात १९०३ मध्ये संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष क्रिकेटचे दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस. ही नावे राहिली, राहायलाच हवीत. पण ग्रेससाहेब बोलत असताना खुर्च्या कोणी मांडल्या होत्या?

आपल्याकडे अशांना ‘सतरंज्या उचलणारा’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. देवळाला पंखा देणाऱ्याचे नाव पंख्याच्या पात्यावर फिरते. रोज पहाटे आवार झाडणाऱ्याचे कुठेच नाही. सेवा करणाऱ्याने नावाची हाव धरू नये, असे माझे एक स्नेही म्हणतात. बरोबर आहे. पण तो त्याचा धर्म झाला. तो मागत नाही म्हणून आपण विसरायचे, हा कुठला न्याय?

शिवाय यात नुसत्या कृतज्ञतेचा प्रश्न नाही. पोस्टमन गेल्यावर त्या क्लबाची हिरवळ दोन मोसम बिघडली. कोणत्या कोपऱ्यात पाणी मुरत नाही, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. हिशेबाच्या बाईंची जागा आजही तात्पुरत्या माणसावर चालते. सभासद पिकत चाललेत, नवे येतात ते खेळायला. असे क्लब बंद पडतात ते सामने हरल्यामुळे नव्हे.

आपल्या कबड्डी, खो-खोच्या मंडळांचीही अवस्था फार वेगळी नाही. त्यांच्या वार्षिक अहवालात पाहुण्यांचे फोटो असतात, देणगीदारांची यादी असते. ताळेबंदाच्या आधी आणखी एक पान घालावे, त्या वर्षी गेलेल्या कार्यकर्त्यांसाठी. ‘अपरिमित हानी’, ‘अनमोल योगदान’ हे शब्द तिथे नकोत. मैदानावर फक्की कोण मारीत असे, किल्ली कोणाच्या घरी असे, पावसाचे पाणी कुठे तुंबते आणि ते काढायला कोण येई, एवढे लिहावे. आणि जे हयात आहेत, त्यांच्याकडे एखाद्या रविवारी वही घेऊन जावे. चहा तेच करतील.