सिंहभूमचे खडक: खनिजापलीकडचे मोल

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. पण तिच्या आद्य कवचाचे खडक जवळजवळ नामशेष झाले आहेत. त्यांची साक्ष उरली आहे ती झिरकॉनच्या सूक्ष्म स्फटिकांत. झिरकॉन घडताना युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र फारसा थारा देत नाही. म्हणून पुढे त्यात आढळणारे शिसे हे युरेनियमच्या क्षयाचे फळ असते आणि त्यावरून स्फटिकाचे वय काढता येते.

ओडिशातील चंपुआजवळच्या खडकात असे दोन कण मिळाले. एक ४२४ कोटी वर्षांचा, दुसरा ४०३ कोटी वर्षांचा. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. मूळ खडक वितळून गेला. कण मात्र नव्या खडकात तगून राहिले.

२०२१ मध्ये याच सिंहभूम भूखंडातील वालुकाश्म आणि ग्रॅनाइट अभ्यासून शास्त्रज्ञांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. खालून साचत गेलेल्या शिलारसाने कवच जाड व हलके झाले आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी जमीन समुद्रावर उचलली गेली.

हाच प्रदेश लोहखनिजासाठी खणला जातो. खनिज देशाला हवेच. पण फोडलेल्या खडकातील पुरावा पुन्हा घडवता येत नाही. म्हणून उत्खननापूर्वी भूवैज्ञानिक नोंद व नमुन्यांचे जतन बंधनकारक असावे आणि निवडक स्थळांना कायद्याचे संरक्षण मिळावे. पुरातन मंदिराचा दगड आपण जपतो. त्याहून लाखो पटींनी जुना दगड केवळ खडी ठरू नये.