मेजवानी, दान आणि हिशेब

गेल्या पंधरवड्यांत मुंबईंतील एका बड्या हॉटेलांत कर्करोगानें पीडलेल्या गरीब मुलांच्या साहाय्यार्थ एक समारंभ झाला. त्याचें निमंत्रण आम्हांसही होतें व आम्ही त्यास हजर होतों. दिव्यांचा झगमगाट, वाद्यांचा नाद, रेशमी व जरीचे पोशाख, टेबलाटेबलावर फुलांचे गुच्छ आणि भोजनाचा राजेशाही थाट, यांपैकीं कशाचीही उणीव नव्हती. एका टेबलाचें मोल ऐकून आमच्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्याची छातीच दडपली. भोजनोत्तर एका नामांकित क्रिकेटपटूच्या सहीच्या बॅटीचा लिलाव झाला, बोलीवर बोली चढली, टाळ्या झाल्या, छायाचित्रें निघालीं. समारंभ उत्तम पार पडला असें दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं म्हटलें. तें आम्हांस नाकबूल नाहीं. परंतु त्यापुढें दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

अशा समारंभांस नाकें मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे, हें प्रथमच स्पष्ट करतों. गरिबांच्या नांवावर श्रीमंतांची चैन चालते, असें म्हणून मोकळें होणें फार सोपें आहे. पण असें म्हणणाऱ्याच्या खिशांतून रोग्यासाठीं एक रुपयाही सुटत नाहीं, असा अनुभव पुष्कळदां येतो. इतिहासाची साक्षही निराळीच आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे स्वतः पोलिओच्या निदानानंतर पायांनीं अधू झालेले गृहस्थ. ३० जानेवारी १९३४ रोजीं त्यांच्या वाढदिवसानिमित्त त्या देशांत ठिकठिकाणीं नृत्याचे समारंभ झाले व पोलिओग्रस्तांच्या उपचारासाठीं दहा लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम जमली. नाचगाण्यांतून आला म्हणून तो पैसा विटाळला नाहीं. पुढें १९३८ सालीं याच कार्यासाठीं एक राष्ट्रीय संस्था निघाली आणि तिनें मेजवानीस कधींच न येणाऱ्या सामान्य माणसाकडे मागणें केलें: एक डाइम, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, एवढेंच द्या. लक्षावधि नाणीं टपालानें थेट अध्यक्षांच्या निवासस्थानीं येऊन पडलीं. याच संस्थेच्या साहाय्यानें डॉ. जोनास साल्क यांनीं लस सिद्ध केली, व ती गुणकारी ठरल्याचें १२ एप्रिल १९५५ रोजीं जाहीर झालें. मेजवानीपासून निघालेली वाट लशीपर्यंत पोंचूं शकते, एवढें यावरून सिद्ध होतें. मात्र त्यासाठीं जमलेला पैसा मेजवानींतच जिरतां कामा नये.

आमचें दुःख नेमकें येथेंच आहे. त्या रात्रीं चालकांपैकीं एका सद्गृहस्थांस आम्हीं तीन साधे प्रश्न विचारले. एकंदर किती जमले? हॉटेल, सजावट व गायक यांपायीं किती गेले? आणि उरलेली रक्कम किती दिवसांत कोणत्या रुग्णालयांत पोंचणार? पहिल्याचें उत्तर अभिमानानें मिळालें, दुसरा प्रश्न हसण्यावारीं गेला, आणि तिसऱ्याचें उत्तर मिळालेंच नाहीं. आमचे व्यापारी वाचक यास काय म्हणतील? ज्यांच्या पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवा मालवत नाहीं, ज्यांच्या वाडवडिलांनीं सौद्यासौद्यावर धर्मादायाचा पैसा काढून त्याचें वेगळें खातें राखलें, त्यांनींच दानाच्या दाराशीं आपली हिशेबी बुद्धि जोड्यांबरोबर काढून ठेवावी काय? शंभर जमवून साठ खर्चणाऱ्या पेढीस आपण उधार माल देणार नाहीं. मग तशाच रीतीनें चालणाऱ्या धर्मकार्यास डोळे मिटून पैसा कां देतों? शिवाय लिलावांत पुकारलेला आंकडा म्हणजे हातीं आलेली रक्कम नव्हे, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. समारंभाच्या मध्यावर सात-आठ वर्षांच्या एका मुलीस, औषधांनीं केस गळालेल्या स्थितींत, तिच्या बापासह व्यासपीठावर आणण्यांत आलें. बापास हात जोडावयास सांगितलें. त्यानें ते जोडले. सभागृह गहिंवरलें आणि बोली वाढली. आम्हांस मात्र मान वर करवेना. या हाताचें दान त्या हातास कळूं नये असें जो समाज आपल्या मुलांस शिकवतो, त्यानें घेणाऱ्याचें तोंड शेंकडों लोकांस दाखवावें काय? त्या दोघांस पुढें कोणत्या टेबलावर बसविलें हें आम्हीं मुद्दाम पाहिलें. कोणत्याही नाहीं, तीं मागच्या दारानें निघून गेलीं.

आणि त्या बापास त्याचा हक्क तरी कोणीं सांगितला काय? मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य व आणखी शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या आहेत. तसेंच एकूण देयकांच्या शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्णांच्या निधींत टाकावयाची आहे. जें कायद्यानें मिळावयाचें, त्यासाठींही गरिबानें हात जोडावे, ही दानशूरतेची शोभा नव्हे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व सोप्या आहेत. समारंभाचा खर्च कोण सोसणार हें निमंत्रणपत्रिकेवरच छापावें. महिन्याच्या आंत जमाखर्च वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा. रुग्णास व्यासपीठावर आणूं नये. आणावयाचाच तर डॉक्टर आणावा व त्यानें पैशाची गरज समजावून सांगावी. आणि सभागृहाच्या दाराशीं शेंकडा १० खाटांच्या हक्काची माहिती देणारीं पत्रकें ठेवावीं, म्हणजे प्रत्येक पाहुणा तें एक पत्रक आपल्या घरच्या नोकरास तरी देईल.

गाडगे महाराजांनीं लोकांच्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठीं एक झोंपडीही बांधली नाहीं. दादरच्या त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे सोबती आजही आसरा घेतात. ज्यांस तेथें जागा मिळत नाहीं, त्यांपैकीं कित्येक परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर रात्र काढतात. पुढच्या मेजवानीची पत्रिका हातीं पडेल तेव्हां आमच्या वाचकांनीं अवश्य जावें, पोटभर जेवावें, मन मोठें करून द्यावें; मात्र उठण्यापूर्वीं वरील तीन प्रश्न विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत जागेवरून हलूं नये.