परदेशी जाताना दुखणे लपवावे का?

गेल्या महिन्यात वसईकडील एक जोडपे आमच्या घरी, हिमायतनगरला, चार दिवस मुक्कामास होते. (नांदेड जिल्ह्यातही याच नावाचे तालुक्याचे गाव आहे. आमचे हिमायतनगर हैदराबाद शहरातले, हा खुलासा गावाकडच्या मंडळींना प्रत्येक पत्रात करावा लागतो.) गृहस्थ माझ्या पत्नीचे मामा. वय अडुसष्ट, मामी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत असते. तिला दिवस गेले असून बाळंतपणास आईवडील जवळ असावेत अशी तिची इच्छा. वकिलातीतील मुलाखतीची तारीख मुंबईपेक्षा हैदराबादेस लवकर मिळाली, म्हणून ही दोघे इकडे आली. नानकरामगुड्याच्या वकिलातीत मुलाखत सुखरूप पार पडली, व्हिसा मंजूर झाला आणि घरात पेढे वाटले गेले.

खरी अडचण उभी राहिली ती त्यानंतर, प्रवासाच्या विम्यापाशी. अमेरिकेचा पाहुण्यांना मिळणारा व्हिसा विम्याचा कागद मागत नाही. परंतु तेथील इस्पितळाचे बिल म्हणजे काय प्रकरण असते हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सांगावयास नको. मामांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी रोजची. संध्याकाळी आम्ही दोघे एका विमा-दलालाकडे गेलो. माणूस तोंडाचा गोड. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि आजारांच्या रकान्यावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "काका, येथे 'नाही' असे लिहा. गोळ्या चालू आहेत म्हटले की हप्ता चढतो, शिवाय कंपनी कागद मागत बसते. आणि साखर ताब्यात आहे ना? मग आजार कसला?"

मामांनी सही केली नाही. "उद्या येतो," म्हणून ते उठले. रात्री जेवण झाल्यावर गच्चीत बसलो असता त्यांनी मला विचारले, "जावईबापू, मला खरे सांगा. हे खोटे बोलणे आहे, की नुसते न सांगणे?"

मिस्साच्या आरंभी आपण आपल्या अपराधांची कबुली देतो तेव्हा जे करावयास हवे होते ते न केल्याचाही त्यात समावेश असतो, हे मामांना मी सांगावे असे नव्हते. ते आयुष्यभर धर्मग्रामाच्या पतपेढीचे हिशेब लिहीत आलेले गृहस्थ. परंतु त्यांचा प्रश्न केवळ पापपुण्याचा नव्हता. ज्याने खरे लिहिले त्याचाही दावा कंपन्या नाकारतातच, मग खरे लिहून अधिक पैसे का भरावेत, अशी शंका त्यांच्या मनात होती. ती शंका अनेक वाचकांच्याही मनात असेल, म्हणून तिचे उत्तर येथे सविस्तर देतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोहोंत आजार मधुमेहच.

पहिला निकाल 10 जुलै 2009 चा. एका गृहस्थाने 1990 साली आरोग्यविमा उतरविला आणि अर्जात आपली प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले. काही महिन्यांतच ते मूत्रपिंडाच्या विकाराने वारले. इस्पितळाच्या कागदांत जुन्या मधुमेहाची आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याची नोंद निघाली. कंपनीने पैसे नाकारले. पत्नीचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत गेले, पण न्यायालयाने कंपनीचेच म्हणणे उचलून धरले. विमा द्यावा की न द्यावा, द्यावयाचा तर किती हप्त्यावर, हे ज्या माहितीवरून ठरते ती माहिती विचारल्यावर सांगणे अर्जदाराचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय.

दुसरा निकाल 6 डिसेंबर 2021 चा, न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांचा, आणि तो थेट परदेश-प्रवासाच्या विम्याचा आहे. एक गृहस्थ मे 2009 मध्ये नात्यातील लग्नासाठी अमेरिकेस निघाले. त्यांनी अर्जात मधुमेह असल्याचे लिहिले, कंपनीच्या सांगण्यावरून वैद्यकीय तपासणीही करून घेतली आणि कंपनीने हप्ता घेऊन पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना दरदरून घाम फुटला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट घालावे लागले. कंपनीने दावा फेटाळला. कारण असे दिले की, हे दुखणे जुनेच होते आणि कोलेस्टेरॉलसाठी घेत असलेली गोळी त्यांनी अर्जात लिहिली नव्हती. 2015 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो फिरविला. मधुमेह कंपनीला ठाऊक होता, तो ठाऊक असताना तिने जोखीम पत्करली, मधुमेही रुग्णांना ती गोळी सर्रास दिली जाते, मग त्याच दुखण्याकडे बोट दाखवून आता अंग काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. 2,29,719 डॉलरच्या दाव्याची रक्कम विम्याच्या मर्यादेत राहून रुपयांत, सहा टक्के व्याजासह द्यावी आणि खर्चापोटी एक लाख रुपये वेगळे द्यावेत असा हुकूम झाला.

मामांना मी हे दोन्ही निकाल सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे त्या माणसालाही बारा वर्षे लागलीच." खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. खरे लिहिणाऱ्याला न्याय लवकर मिळेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तथापि ज्याने लपविले त्याच्या हाती भांडावयास देखील काही उरत नाही. दलालाने वाचवून दिलेले चार पैसे हे त्या वेळी साऱ्या विम्याची किंमत ठरतात, आणि दलालाचे नाव त्या अर्जावर सही म्हणून नसते, आपले असते.

आता दुसरी गोष्ट, जी पहिलीइतकीच महत्त्वाची. अर्जात आजार लिहिला म्हणजे त्या आजाराला संरक्षण मिळाले असे नव्हे. भारतात परदेश-प्रवासाचा वैद्यकीय विमा 1984 पासून आहे, आणि बहुतेक पॉलिसींत पूर्वीपासून असलेली दुखणी वगळलेली असतात. काही कंपन्या तेवढ्यापुरता अपवाद ठेवतात की, जुन्या दुखण्यामुळे जिवावरचा प्रसंग आला तर एका ठराविक रकमेपर्यंत तातडीचा खर्च देऊ. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ही रक्कम वाढवून देतात. म्हणून दलालाला "हप्ता किती?" हा प्रश्न विचारण्यापूर्वी "माझ्या मधुमेहापायी झटका आला तर किती डॉलरपर्यंत द्याल, आणि ते कोणत्या कलमात लिहिले आहे?" असे विचारावे. तोंडी उत्तर घेऊ नये, कलमावर बोट ठेवून दाखवा म्हणावे.

येथे एक गैरसमज दूर करतो. तीन वर्षांनी जुनी दुखणीही विम्यात येतात, असे हल्ली पुष्कळांच्या कानी आले आहे. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2024 पासून ही मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, हे सत्य आहे. (या प्राधिकरणाचे कार्यालय काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, बशीरबागेत होते. आता तेही वकिलातीप्रमाणे नानकरामगुड्याला गेले आहे.) परंतु ती सवलत वर्षानुवर्षे चालू ठेवलेल्या आरोग्यविम्याची. दोन-तीन महिन्यांच्या प्रवासविम्यात तीन वर्षे वाट पाहावयाची कोठून? त्याचप्रमाणे सत्तरीपुढील वृद्धांना ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागलेले आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण हे आपल्या देशातील इस्पितळांपुरते आहे. ते कार्ड खिशात घालून विमानात बसण्यात काही हशील नाही.

मग कमी पैशात काय साधते? हप्ता ठरतो तो वय, दिवस आणि देश यांवरून. अमेरिका-कॅनडाचा दर इतर देशांहून पुष्कळ अधिक असतो. जितके दिवस कमी तितका हप्ता कमी, आणि हे हातातले आहे: पाच महिने राहणे आवश्यकच आहे का, याचा विचार घरी बसून करावा. खर्चातील पहिला थोडा वाटा आपण सोसू असे मान्य केले तरी हप्ता उतरतो. लहानसहान सर्दीतापाचा खर्च लेक-जावई करतील, विमा मोठ्या संकटासाठी असावा, हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. उतारवयात कंपनी ई.सी.जी. आणि साखरेचे अहवाल मागते. लोक त्याचा कंटाळा करतात. वरील खटला वाचल्यावर मी तर म्हणेन, न मागितले तरी द्यावेत, आणि पोच घ्यावी.

अमेरिकेतील मुले पुष्कळदा तिकडील विमा घेऊन देतात. त्यांत दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराची ठराविक रक्कमच मिळते आणि बाकीचा डोंगर तसाच राहतो. ती स्वस्त असते आणि म्हणूनच खपते. दुसरीत ठरलेल्या मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष खर्चाचा मोठा भाग मिळतो. जुन्या दुखण्याचा अकस्मात आलेला झटका तीत अनेकदा घेतलेला असतो. मात्र तो अनपेक्षित असावा, उपचार ताबडतोब घेतलेले असावेत, अशा अटी असतात, आणि सत्तरीनंतर पुष्कळ योजनांत रक्कम घटते किंवा हे कलमच गळून पडते. नेहमीची तपासणी आणि रोजच्या गोळ्या यांचा खर्च यात मिळत नाही.

आपल्याकडील बहुतेक मंडळी परदेशी जातात ती यात्रेच्या निमित्ताने. 2025 च्या जुबिली वर्षात रोमला जाऊन आलेले आपल्या ओळखीत असतीलच. लूर्ड्स, फातिमा, रोम येथे जाण्यासाठी जो शेंगेन व्हिसा लागतो त्यास किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. यात्रेच्या संयोजकाने तो सर्वांचा एकगठ्ठा काढलेला असतो, आणि "विमा आहे ना? आहे," एवढ्यावर आपण निर्धास्त होतो. व्हिसाचे समाधान झाले म्हणजे आपल्या हृदयविकाराची सोय झाली असे नाही. संयोजकाकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी, आणि वगळलेल्या गोष्टींचे पान धर्मग्रामातील कोणा शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. वेलंकणीला रेल्वेने जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिकिटाबरोबर पन्नास पैशांच्याही आत जो ऐच्छिक विमा मिळतो तो अपघाताचा, आजारपणाचा नव्हे. तरी तो घ्यावा आणि वारसाचे नाव विसरू नये.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास लेखी कळवावे. 155255 या क्रमांकावर प्राधिकरणाकडे फुकट फोन करता येतो. महिनाभरात उत्तर न आले किंवा ते पटले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करावा. मुंबई, पुणे, हैदराबाद या तिन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे.

मामांची हकीकत अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दलालाकडे गेलो नाही. दुसरीकडे खरा अर्ज भरला, हिमायतनगरातच रक्त आणि ई.सी.जी. तपासून घेतले. दर ऐकल्यावर मामा खचले. "मी राहतो, तुझी मामी एकटी जाईल," असे ते माझ्या पत्नीला म्हणाले. मामी आजवर वांद्र्याच्या जत्रेलाही एकट्या गेलेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही येत नसाल तर पोरीला सांगा, आई पण येत नाही." त्यावर कोणी काही बोलले नाही. रात्री मुलीला फोन झाला. पाच महिन्यांचे अडीच महिने करावयाचे ठरले, पहिले अडीचशे डॉलर आपण सोसू असे कलम घेतले, आणि हप्ता पहिल्या दलालाच्या दराच्या दीडपटीवर येऊन थांबला. जुन्या दुखण्याच्या झटक्याला किती रक्कम, ते कलम मामांनी स्वतः तीनदा वाचले.

निघण्याच्या आदल्या रविवारी दोघे गनफाउंड्रीच्या संत योसेफ कॅथेड्रलमध्ये आमच्याबरोबर मिस्साला आली. तेलुगूचा एक शब्द कळत नसताना मामी सर्वांबरोबर उठत-बसत होत्या. नामपल्लीला हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये बसवून देताना मामांनी मला पिशवी उघडून दाखविली: गोळ्या मूळ वेष्टनात, हाताशी राहणाऱ्या सामानात, सोबत डॉक्टरांची औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी, आणि कंपनीचा चोवीस तासांचा फोन क्रमांक दोन कागदांवर, एक त्यांच्या खिशात व एक मामींच्या बटव्यात.