मराठीचा कैवार आणि कोलामाचे पोर

पहिलीपासून हिंदी लादणारा निर्णय महाराष्ट्र सरकारला २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावा लागला. ५ जुलैला वरळीत त्याचा विजयी मेळावाही झाला. आपल्या पक्षाचे कार्यकर्तेही या आनंदात सामील होते आणि त्यात गैर काही नव्हते. लोकमताच्या रेट्यापुढे सरकारला वाकावे लागले, तर लोकशाहीवाद्याला त्याचा आनंद झालाच पाहिजे. परंतु त्या लढ्यात आपण सर्वांनी जो युक्तिवाद केला, तो आता शांतपणे आठवून पाहावा. सहा वर्षांच्या मुलावर घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेचे ओझे टाकू नये, मूल जे शिकते ते मातृभाषेच्या आधाराने शिकते, असे आपण म्हणालो. युक्तिवाद बिनतोड होता. प्रश्न एवढाच आहे की, तो कोणाकोणाच्या मुलांना लागू आहे?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. कुठे वीस घरे, कुठे चाळीस. तेथील मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या तोंडी कोलामी असते. पाठ्यपुस्तक मराठीत, गुरुजी मराठीत, दमदाटीही मराठीत. आणि २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून तीही सोबतीला. हिंदी आली असती तर ती या मुलाची चौथी भाषा ठरली असती. ज्या सक्तीविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, ती सक्ती हे पोर शाळेच्या पहिल्या दिवसापासून सोसत आले आहे, आणि त्याच्यावर लादलेली भाषा आपली आहे.

कापूसवेचणीच्या मजुरीची पाहणी करण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह अशाच एका पोडावर गेलो होतो. शाळेत डोकावलो. गुरुजी मनापासून शिकवणारे होते, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांनी चित्र दाखवून एका मुलाला तीनदा विचारले, मुलगा तीनदा जमिनीकडे पाहत राहिला. ‘पोरे मंद आहेत सर, बोलतच नाहीत,’ असे ते मला म्हणाले. तासाभराने तोच मुलगा घरापुढे बांबूच्या कामट्या काढणाऱ्या आजीशी इतका अखंड बोलत होता की, आजीला मध्ये शब्द घालता येईना. मूल मंद नव्हते. शाळा त्याच्यासाठी बहिरी होती. पुढे असे मूल शाळा सोडते, तेव्हा कारण लिहिले जाते: शिक्षणाची आवड नाही.

‘कोलामी ही एक बोली आहे, चार वर्षांत मूल मराठीला सरावते,’ असे सुशिक्षित माणसे सहज म्हणतात. यात अज्ञान आहे आणि अहंकारही आहे. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे, तिचे व्याकरण वेगळे, ध्वनिव्यवस्था वेगळी. पगडी सेतुमाधवराव यांनी १९५० साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा तिच्यावरील ग्रंथ छापला. त्याची सामग्री त्याने शेजारच्या वर्धा जिल्ह्यात जमवली होती. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाला जी भाषा अभ्यासाच्या योग्यतेची वाटली, ती आम्हांला पोडावरच्या शाळेच्या योग्यतेचीही वाटत नाही.

या भाषेत चारपर्यंतचे आकडे स्वतःचे आहेत आणि पाचपासून दहापर्यंतचे तेलुगूतून आलेले आहेत. अर्थशास्त्राच्या जुन्या अध्यापकाला यात बाजाराचा हात दिसतो. मोजणी जेथे होते, तेथील भाषा मोजणाऱ्याची असते. काल ती तेलुगू व्यापाऱ्याची होती. आज कापसाचे माप, रेशनचे कार्ड, वनहक्काचा दावा, बँकेचे पासबुक हे सारे मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. भाषा कोणाच्या तिरस्काराने मरतेच असे नाही. तिच्यात एकही व्यवहार पुरा होईनासा झाला की ती मरते. म्हणून भाषेचा प्रश्न ‘सांस्कृतिक’ म्हणून बाजूला ठेवणारे आपल्यातले काही मित्र मूळ मुद्दाच सोडून देतात.

२०११ च्या जनगणनेत देशभर कोलामी भाषकांची संख्या १,२८,४५१ नोंदली गेली. त्याच जनगणनेत एकट्या महाराष्ट्रातील कोलामांची संख्या एक लाख नव्वद हजारांवर आहे. त्या नोंदीत वेगळी भाषा बोलणारे मन्नेरवारलूही आहेत, हे जमेस धरले तरी गळती लपत नाही. कोलाम ही केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित ठरवलेली जमात. अशा जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रधानमंत्री जनमन योजना आली आणि तिच्यासाठी २४,१०४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. घरे, रस्ते, नळाचे पाणी, वीज, वसतिगृहे, मोबाइलचे मनोरेसुद्धा तिच्यात आहेत. ही कामे व्हायलाच हवीत. पण या यादीत भाषेचे शीर्षकच नाही. असुरक्षित जमातीची सर्वांत असुरक्षित गोष्ट कोणती, हे दिल्लीत कोणाला सुचले नाही.

जमीन आणि भाषा यांचे नाते किती उघड असू शकते, हे पाहायचे तर थोडे दूर जावे लागेल. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, रेनडिअर पाळणारे सामी लोक राहतात. १९०२ च्या कायद्याने त्या प्रांतातील सरकारी जमीन फक्त नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणाऱ्यांनाच विकत मिळे. मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा सोडवण्यात आली. आपल्या आश्रमशाळांची आठवण येथे कोणाला झाली तर ती अनाठायी नाही. पुढे सामी लोक संघटित झाले, धरणाविरुद्ध लढले, १९८९ मध्ये त्यांचे स्वतःचे प्रतिनिधिगृह उभे राहिले, आणि १९९२ पासून त्यांच्या वस्तीच्या ठरावीक भागांत सामी भाषेला कारभारात नॉर्वेजियनच्या बरोबरीचे स्थान मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने या साऱ्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफीने मेलेली भाषा जिवंत होत नाही, हे खरे. पण कचेरीत चालणारी भाषा घरातही टिकून राहते, एवढे तिथून घेण्यासारखे आहे.

‘कोलामांच्या मुलांना तुम्ही कोलामीत कोंडून ठेवणार काय? त्यांना नोकरी कोण देईल?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आला आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तो पोडावरचे बापही घेतात. एका बापाने मला सांगितले होते, ‘आमच्या बोलण्यानं पोट भरत नाही, सर.’ त्याला खोटे पाडण्याचा मला अधिकार नाही. त्याची गरज मराठी आणि इंग्रजी येण्याची आहे आणि ती पुरी झालीच पाहिजे. पण आजची शाळा ती पुरी करत नाही, हाच तर मुद्दा आहे. न कळणाऱ्या भाषेत वाचायला शिकवलेले मूल अक्षरे गिरवते, अर्थापर्यंत पोचत नाही. पहिली तीन वर्षे कोलामीच्या आधाराने वाचन-लेखन-गणित शिकलेले मूल चौथीत मराठीवर पक्की मांड ठोकेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलो, तर २००३-०४ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि त्या आठांत कोलामी होती, गोंडीही होती. ओडिशाने काही वर्षांतच असाच कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे तो एकवीस भाषांपर्यंत नेला. त्याहून मागे जायचे तर निजामाच्या सरंजामी राजवटीतही १९४३ च्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे गोंड शिक्षकांना तयार करून देवनागरीत छापलेल्या गोंडी वाचनमाला वापरल्या गेल्या. निजामाच्या राज्यात जे शक्य झाले, ते फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्यात अशक्य कसे? आपल्याकडे शब्दसंग्रह निघतात, चित्रपुस्तिका निघतात, त्यांचे प्रकाशन समारंभही होतात. कोलामी येते म्हणून पगार मिळणारे शिक्षकाचे पद मात्र निघत नाही.

राज्यघटनेचे कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणते, २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर तेच म्हणतो. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर काढली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले आणि गावाला नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. दुसरीकडे, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक. पोडच वीस-तीस घरांचा असेल तर पट वीसवर कोठून जाणार? उद्या ते मूल गाडीत बसून मोठ्या गावच्या शाळेत जाईल आणि तेथे कोलामी बोलणारे ते एकटेच असेल.

सरकारवर टीका करणे आपल्याला सवयीचे आहे. थोडे स्वतःकडेही पाहू. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपण म्हणालो की जनतेचा कारभार जनतेच्या भाषेत झाला पाहिजे. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध डॉ. लोहियांच्या मागे आपली एक पिढी उभी राहिली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झाले; नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याबद्दल आपण निषेध केला, तो योग्यच होता. परंतु त्याच जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या कोलामीसाठी निषेधाचा एक ठराव आपल्या जिल्हा शाखेत तेव्हा झाल्याचे मला आठवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली, तेव्हाही आपण अभिनंदनाची पत्रके काढली. पोडावर वनहक्काची सभा घ्यायला जाणारा आपला कार्यकर्ता आजही दुभाष्याशिवाय मराठीत भाषण करतो आणि बायका का बोलत नाहीत याचे आश्चर्य करतो. त्या गुरुजींना मी नावे ठेवणार नाही, कारण आपणही तेच करतो.

जिल्हा अधिवेशनापुढे दोन मागण्या याव्यात. कोलामी व गोंडी बोलणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन पोडावरच्या शाळांत पहिली ते तिसरीसाठी नियमित वेतनश्रेणीवर नेमावे. मानधनावर नव्हे, कारण मानधन म्हणजे फुकटेगिरीला दिलेले सभ्य नाव. आणि पटसंख्येच्या नावाखाली एकाही पोडाची शाळा बंद होऊ नये.

तिसरे काम सरकारचे नाही, आपले आहे. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक पोडावर येतो, मराठीत विचारतो, कोलाम मराठीत उत्तर देतो आणि मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ पडते. गळतीचा काही भाग अशाच नोंदींतून आला असावा. उत्तर देणाऱ्याने जी भाषा सांगितली तीच लिहिणे प्रगणकावर बंधनकारक आहे, हे पोडावर कोणीतरी सांगायला हवे, आणि शक्य तर कोलामीत. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या पाच तालुक्यांतील पोडांची यादी करून शाखांनी ती आपसांत वाटून घ्यावी. पावसाळ्यापूर्वी सुरुवात केली तरच ती पुरी होईल. त्यानंतर वाटा चिखलाच्या होतात आणि वेचणी सुरू झाली की पोडात दिवसा कोणी भेटत नाही.