बेडसोर हॉस्पिटलमध्ये झाला, तर बिल कोणी भरायचं?

1 ऑक्टोबर 2008 ला अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने एक नियम लागू केला. भरती झाल्यानंतर हॉस्पिटलमध्येच पेशंटला गंभीर बेडसोर झाला, तर त्याच्या उपचाराचे जादा पैसे हॉस्पिटलला मिळणार नाहीत. नीट काळजी घेतली तर ही जखम बहुतेक वेळा टळते, मग तिचे पैसे सरकारने का द्यायचे, असा सरळ हिशोब होता.

त्यामुळे भरती करतानाच पेशंटची कातडी तपासून नोंद करणं हॉस्पिटलच्या फायद्याचं ठरलं. जखम घरून आली की वॉर्डात झाली, हे दाखवायला कागद हवा ना!

भारतात असा सरसकट नियम नाही. एनएबीएच मानांकन असलेल्या हॉस्पिटलना भरतीनंतर झालेल्या बेडसोरची मोजदाद ठेवावी लागते, पण ते आकडे पेशंटच्या घरच्यांपर्यंत सहसा पोचत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचतं ते बिल. ड्रेसिंग, अँटिबायोटिक्स आणि वाढलेले दिवस, सगळं त्यात असतं.

जखम होते कशी?

माकडहाड, कुल्हे, टाचा. इथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. तासन्‌तास एकाच जागी भार पडला की बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि आतल्या पेशी मरायला लागतात. पलंगाची डोक्याकडची बाजू जास्त उचलली की पेशंट हळूहळू खाली घसरतो, त्या ओढीनेही इजा होते. डायपर ओला राहिला तर कातडी आणखी नाजूक होते.

पहिली खूण म्हणून सगळीकडे 'लालसर डाग' सांगितला जातो. पण हे वर्णन गोऱ्या कातडीचं आहे. सावळ्या रंगावर ती लाली अनेकदा दिसतच नाही. त्यामुळे हात लावून बघावं लागतं. तो भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतो का?

दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या 27 नर्सिंग होममधल्या 942 जणांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलून पाहिली. जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र त्या सगळ्यांना चांगल्या प्रतीच्या फोमच्या गाद्या दिल्या होत्या. शिवाय तिकडे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांची देखभाल होते ती जागा, आपल्यासारखं छोटं खासगी हॉस्पिटल नव्हे. साध्या गादीवरच्या किंवा आयसीयूतल्या पेशंटला ही सवलत लावता येणार नाही.

पण कूस बदलणार कोण?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स हवी. रात्रपाळीत अनेक वॉर्डांत चित्र वेगळंच असतं. मग हे काम मावशींवर, ब्युरोतून आणलेल्या बाईंवर किंवा पेशंटच्या मुलीवर येतं, आणि ते कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही. म्हणून लाल झालेली जागा तेल लावून चोळली जाते (चोळू नये, इजा वाढते), किंवा खाली गोल रिंगची उशी ठेवली जाते. त्या रिंगच्या कडेवरच भार येतो.

पेशंटला पूर्ण आडवं न वळवता साधारण 30 अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादर धरून उचलायचं. एअर मॅट्रेस आणली तरी कूस बदलणं चुकत नाही.

भरतीच्या दिवशीच पाठ, कुल्हे आणि टाचा तपासून केसपेपरवर नोंद करायला सांगता येतं. 'ब्रेडन स्कोअर किती आहे?' हेही विचारता येतं. हालचाल, ओलावा, खाणंपिणं अशा सहा गोष्टींवर जास्तीत जास्त 23 गुण मिळतात. 18 किंवा त्याहून कमी आले, तर पेशंटला बेडसोरचा धोका आहे असं धरलं जातं.